पावसाळ्यात सीलबंद पाकिटातला चिवडा सादळतो, चकली खवट होते: दोष नेमका कुठे शोधायचा

मृग लागला की फोन सुरू होतात. "ताई, पाकीट तर सीलबंद होतं, तरी चिवडा मऊ पडलाय." "चकलीला जुन्या तेलाचा वास येतोय." आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न: "यंदा जाड पिशवी घेऊ का?"

चिपळूणला माझा घरगुती फराळाचा उद्योग आहे. चिवडा, चकली, शेव, कडबोळी. पहिली काही वर्षं मीही दर पावसाळ्यात आदल्या वर्षीपेक्षा जाड पिशवी घेत होते आणि माल परत येतच होता. एका वर्षी तर जाड पिशवीतला माल पातळ पिशवीतल्यापेक्षा लवकर सादळला. ते का झालं हे कळायला मला बराच वेळ लागला. कारण पुढे येईलच. तुमचं तेवढं नुकसान होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

सादळण्याचं मूळ एकच, ओल. ती पाकिटात तीनच वाटांनी येते. एक तर ती मालाबरोबर आधीच आत गेलेली असते, नाही तर सीलच्या फटीतून शिरते, नाही तर फिल्ममधून, म्हणजे पिशवीच्या प्लास्टिकमधूनच, हळूहळू झिरपते. फिल्म बदलण्याचा खर्च सगळ्यात मोठा, म्हणून ती शेवटी तपासायची. आपण बहुतेक जण सुरुवातच तिथून करतो.

आधी काचेची बरणी

ज्या घाण्यातला चिवडा पाकिटात भरला, त्यातलाच वाटीभर चिवडा त्याच वेळी घट्ट फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. काचेतून ना ओल जाते ना हवा. चार-पाच दिवसांनी बरणी आणि पाकीट एकत्र उघडा. बरणीतलाही चिवडा मऊ असेल, तर पिशवीवाल्याशी भांडू नका. दोष स्वयंपाकघरात आहे.

तो बहुतेक वेळा दोन जागी असतो. पहिली जागा म्हणजे कोमट माल भरणं. हाताला जेमतेम ऊब लागते, ऑर्डर तोंडावर असते, आपण भरून टाकतो. त्या उबेबरोबर आलेली वाफ रात्री पाकीट गार झालं की आतल्या बाजूने फिल्मवर धरते आणि सकाळपर्यंत पोह्यात जिरलेली असते. दवाचा थेंबही दिसत नाही. याच्या उलट चूकही तितकीच होते. "पूर्ण गार होऊ दे" म्हणून चिवडा रात्रभर परातीत उघडा राहतो आणि कोकणातली जुलैची हवा तो पिऊन घेतो. पंख्याखाली पसरा, ऊब गेली की तासभरही थांबू नका, मोठ्या डब्यात झाकण लावून ठेवा आणि डब्यातूनच पाकिटं भरा.

दुसरी जागा फोडणीतली. कढीपत्ता, मिरचीचे तुकडे, लसूण बाहेरून तळल्यासारखे दिसतात, पण चुरडून पाहिले तर चुरा होत नाही, वाकतात. एवढ्याशा मिरचीतलं पाणी सगळ्या पाकिटात वाटलं जातं. मिठाचंही तसंच. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मीठ आणि पिठीसाखर भाजून, गार करून बंद डब्यात ठेवली नसेल तर ती चिवड्यात ओल घेऊनच येतात.

बरणीतला चिवडा कुरकुरीत आणि पाकिटातला मऊ, असं असेल तर पुढे वाचा.

मग तराजू

सोनारकाम करणारे वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा तराजू घ्या. माझ्या मते हँड सीलरइतकाच (पाकिटाचं तोंड तापवून चिकटवायच्या यंत्राइतकाच) तो गरजेचा आहे. सहा भरलेली पाकिटं घ्या, मार्करने नंबर घाला, प्रत्येकाचं वजन लिहा. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला ओला टॉवेल, त्यावर उलटी चाळणी आणि चाळणीवर पाकिटं. पाकिटांना पाणी लागता कामा नये. रोज एकाच वेळी बाहेर काढून, कोरड्या फडक्याने पुसून वजन करा. आठवडाभरात उत्तर मिळतं.

सहाही पाकिटं सारखीच, थोडी थोडी जड होत असतील तर ओल फिल्ममधून येते आहे. चार जवळजवळ स्थिर आणि दोन भराभर जड होत असतील तर त्या दोघांचं सील गळतं आहे. वजन कुणाचंच वाढलं नाही आणि चिवडा तरी मऊ, तर ओल आधीपासून आत होती. पुन्हा बरणीकडे जा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझा अंदाज साफ चुकला. मला वाटत होतं सगळी जड होतील. झाली दोनच.

सील: खरी अडचण इथेच

घरगुती हँड सीलरमध्ये निक्रोमची एक चपटी तार असते, तिच्यावर टेफ्लॉनचं कापड. तार क्षणभर तापते, आतलं प्लास्टिक वितळून एकजीव होतं, आणि दाब असतानाच ते गार व्हावं लागतं. यातल्या प्रत्येक पायरीला एक चूक चिकटलेली आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते घाईकडे. सीलरवरचा दिवा विझला की आपण लगेच दांडा उचलतो. प्लास्टिक तेव्हा मऊच असतं, चिवड्याच्या वजनाने सील आतून किंचित उघडतं आणि तसंच गार होतं. वरून बघायला छान पट्टी दिसते. दिवा विझल्यावर मनात दोन-तीन अंक मोजा आणि मग दांडा सोडा.

टेफ्लॉनचं कापड जिथे करपून तपकिरी झालंय, तिथे उष्णता सारखी पोचत नाही. दर पाकिटाचं सील त्याच जागी कच्चं राहतं. कापड पन्नास-शंभर रुपयांच्या पुढे जात नाही, पण आपण ते फाटेपर्यंत वापरतो. खालची रबराची पट्टीही बघा, मधोमध खड्डा पडला असेल तर तिथे दाब बसत नाही.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे वीज. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० व्होल्टऐवजी १९० येत असतील तर तीच तार त्याच वेळात जवळजवळ एक तृतीयांश कमी तापते. संध्याकाळी दिवे मंद झाले की सील कच्ची होणारच. ज्या घरी हा त्रास आहे तिथे सीलिंग सकाळी करा, किंवा सीलरला छोटा स्टॅबिलायझर लावा.

आता त्या जाड पिशवीचं. मी ५० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त जाडीवर गेले, पण सीलरचा उष्णता कमी-जास्त करायचा काटा जुन्याच आकड्यावर ठेवला. साधं पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळतं, पण जाड थरातून तेवढी उष्णता आतल्या पृष्ठभागापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. माझ्या जाड पिशव्या वरून चिकटलेल्या दिसत होत्या आणि आतून नुसत्या टेकलेल्या होत्या. म्हणून त्या वर्षी माल जास्त खराब झाला. जाडी, पिशवीचा प्रकार, अगदी पिशवीचा लॉट बदलला तरी काटा नव्याने बसवायचा.

काटा बसवायची पद्धत: रिकाम्या पिशवीला सील मारा, पूर्ण गार होऊ द्या, दोन्ही हातांनी ओढा. स्टिकर निघावा तसं सील सोलून आलं तर उष्णता कमी. सीलच्या आतल्या कडेवर फिल्म टचकन तुटली तर उष्णता जास्त. फिल्म ताणली जाऊन फाटली आणि सील मात्र तसंच राहिलं, तर काटा बरोबर. सकाळी काम सुरू करताना एकदा आणि जेवणानंतर पुन्हा एकदा हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

सीलच्या जागी तेल, हळद, शेवेचा चुरा लागलेला असेल तर काटा कितीही नीट असला तरी उपयोग नाही. चुऱ्याच्या एका कणाशेजारी केसाएवढी वाट राहते आणि ओलीला ती पुरते. पाकीट भरताना रुंद तोंडाचं नरसाळं पिशवीत चार-पाच सेंटीमीटर आत घालून धरा, म्हणजे वरची पट्टी कोरडी राहते. हिवाळ्यात कोरड्या हवेमुळे फिल्मवर स्थिर वीज साठते आणि हळदीची पूड आपोआप चिकटते, तेव्हा सुक्या सुती फडक्याने पट्टी पुसूनच सील मारा.

बाजूला घडी असलेल्या पिशव्यांत कडेला चार थर आणि मध्ये दोन थर असतात. चाराचे दोन होतात त्या पायरीशी बारीक बोगदा राहतो. माझी बहुतेक गळती तिथेच सापडली. हँड सीलरवर अशी पिशवी नीट सील होणं अवघड आहे. छोट्या उद्योगाला माझा सल्ला सपाट, तीन बाजूंनी सील असलेल्या पाऊचचाच राहील. झिपचं पाऊच वापरत असाल तर झिप दाबणं म्हणजे सील नव्हे. झिपच्या वर सील मारावंच लागतं.

गळती डोळ्यांनी पाहायची असेल तर पाकीट बादलीत बुडवून हळू दाबा, बुडबुडे येतील. फार बारीक गळती असेल तर पाकीट सीलच्या विरुद्ध बाजूने कापून रिकामं करा, आतून पुसा, सील खाली धरून खायच्या रंगाचं थोडं पाणी ओता. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, म्हणजे पाणी फटीत सहज शिरतं. पाच मिनिटं पांढऱ्या कागदावर उभं धरा. कागदावर रंग जिथे उमटेल, तिथे दोष.

पाकीट आपल्या हातून गेल्यावर

एका दुकानातूनच सारख्या तक्रारी यायच्या. "काकू, तुमचा चिवडा इथे टिकतच नाही हो," असं तिथला मुलगा म्हणायचा, आणि मी त्याला दुकानातल्या दमटपणाचं कारण सांगायचे. एकदा स्वतः गेले. पाकिटं उभ्या पट्टीवर ओळीने टांगलेली होती, प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर स्टेपलरची पिन, सीलच्या खाली, थेट मालाच्या बाजूला. प्रत्येक पाकिटाला दोन भोकं. त्यानंतर मी सीलच्या वर दोन सेंटीमीटर मोकळी पट्टी सोडायला लागले आणि तिच्यातच टांगायचं भोक पाडून देऊ लागले. मुलाची चूक नव्हती, त्याला टांगायला जागाच ठेवली नव्हती.

घाटाचंही लक्षात ठेवा. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. माल आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेला तर तिथली उंची साधारण १,३५० मीटर, आणि हवेचा दाब खालच्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी. खाली टम्म फुगवून भरलेलं पाकीट वर आणखी फुगतं आणि कच्चं सील तिथे सुटतं. घाटावर जाणाऱ्या मालात हवा थोडी कमी ठेवा.

आता फिल्म

सील पक्कं झालं आणि तरी सहाही पाकिटं सारखी जड होत असतील, तर मात्र फिल्मचा विचार करा. इथे थोडा हिशेब करू.

१८ बाय २५ सेंटीमीटरच्या पाऊचच्या दोन्ही बाजू मिळून ०.०९ चौरस मीटर फिल्म होते. ५० मायक्रॉनच्या साध्या पॉलिथिनच्या, म्हणजे ज्याला बाजारात एलडी म्हणतात त्याच्या एका चौरस मीटरमधून ३८ अंश तापमान आणि ९० टक्के दमटपणा असताना दिवसाला ढोबळमानाने ८ ते १० ग्रॅम वाफ जाते. आपल्याकडे पावसाळ्यात तापमान त्याहून कमी, म्हणून निम्म्याहून कमी धरू. तरी एका पाकिटात दिवसाला ०.३ ग्रॅमच्या आसपास, महिन्याला ८-९ ग्रॅम. २०० ग्रॅम चिवड्यात हे चार टक्क्यांहून जास्त पाणी झालं. चिवडा कुरकुरीत असतो तेव्हा त्यात पाणी दोन-तीन टक्केच असतं. म्हणजे एलडीच्या पिशवीत आठवडाभर विकायचा माल ठीक, महिनाभर ठेवायचा नाही. जाडी दुप्पट केली तर झिरपणं निम्मं होतं, पण खर्चही जवळपास दुप्पट. त्यापेक्षा एलडीवर मेटलाइज्ड (धातूचा पातळ थर दिलेल्या) पॉलिएस्टरचा फक्त १२ मायक्रॉनचा थर चढवलेलं लॅमिनेट, म्हणजे एकावर एक चिकटवलेली फिल्म, घेतलं तर झिरपणं साध्या एलडीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतं. बीओपीपी (पॉलिप्रॉपिलीनची ताणून बनवलेली फिल्म) आणि एलडीचं पारदर्शक लॅमिनेट या दोघांच्या मध्ये बसतं.

प्रत्येक प्लास्टिकचा स्वभाव वेगळा आहे. पॉलिथिन पाणी बऱ्यापैकी अडवतं, पण प्राणवायूला त्याच्यात जवळजवळ दार उघडं असतं. पॉलिएस्टरचं उलट, ते हवा चांगली अडवतं, वाफ तितकी नाही, आणि अडीचशे अंशांच्या आसपास वितळत असल्याने आपल्या सीलरवर चिकटतच नाही. म्हणून दोघांना एकत्र चिकटवतात: पॉलिएस्टर बाहेर, सील होणारं पॉलिथिन आत. मेटलाइज्डमध्ये पॉलिएस्टरवर ॲल्युमिनिअमचा थर चढवलेला असतो, तो साधारण ३० ते ५० नॅनोमीटरचा, केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ. एवढासा थर ओल, हवा आणि उजेड तिन्ही रोखतो. म्हणूनच ती पाऊच चुरगळू नका, रबर बांधून कोंबून ठेवू नका. घडी पडली की थराला तडे जातात. सपाट गठ्ठ्यात, वर वजन न ठेवता ठेवा.

खरेदी करताना दोन गोष्टी तपासा. चंदेरी दिसतं ते सगळं मेटलाइज्ड नसतं, काही पाऊच नुसत्या चंदेरी शाईने छापलेली असतात. मोबाइलचा टॉर्च आतून लावून बघा. खऱ्या मेटलाइज्डमधून उजेड फार मंद येतो, समोरची वस्तू अंधूक का होईना दिसते. शाईतून उजेड पसरट, दुधाळ येतो. शंका वाटली तर भरवशाच्या मेटलाइज्ड पाऊचशी शेजारी धरून तुलना करा. दुसरं जाडीचं. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. सांगितलेली जाडी मिळाली का, हे तोच सोनारी तराजू सांगतो. सील सोडून मधला १० बाय १० सेंटीमीटरचा एकेरी तुकडा कापा. ५० मायक्रॉनच्या एलडीचं वजन ०.४६ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. १२ मायक्रॉन मेटलाइज्ड पॉलिएस्टर आणि ५० मायक्रॉन एलडी असेल तर ०.६५ च्या आसपास. फार कमी भरलं तर तोच तुकडा आणि तराजू घेऊन दुकानदाराकडे जा.

खवटपणा हा वेगळा रोग

चकली कडक आहे पण वास येतोय, तर ओल शोधत बसू नका. तेलाला प्राणवायू लागलाय. एलडीच्या ५० मायक्रॉनमधून दिवसाला चौरस मीटरमागे काही हजार मिलिलीटर प्राणवायू जातो, १२ मायक्रॉनच्या साध्या पॉलिएस्टरमधून शंभर-सव्वाशे, मेटलाइज्डमधून एक-दोन. जाड एलडीने खवटपणा थांबत नाही तो यामुळे. आणि याच कारणाने एलडीच्या पिशवीत प्राणवायू हटवायला नायट्रोजन भरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. नायट्रोजनचं मशीन घ्यायच्या आधी फिल्म आणि सील दोन्ही सुधारलेली हवीत.

पण फिल्मच्या आधी कढई बघा. पितळेची कढई आणि कल्हई गेलेली, असं असेल तर तांबं तेलात उतरतं आणि तेल फार झपाट्याने खवट होतं. कल्हई करून घ्या किंवा स्टीलची कढई वापरा. तेच तेल किती दिवस तापवताय तेही पाहा. तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने बिघडून तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. सूर्यफुलाचं तेल पामतेलापेक्षा लवकर खवटतं, त्यात तळलेला माल महिनाभर टिकेल असं लेबलवर लिहिताना दहा वेळा विचार करा. पारदर्शक खिडकीची पाऊच दिसायला सुंदर असतात, पण दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगली तर उजेड तेलाचं नुकसान करतो. आणि चिवड्यातून साबणासारखा वास येत असेल तर सुक्या खोबऱ्याचे काप चावून पाहा. ओल लागली की खोबऱ्याची चरबी फुटते आणि वास असाच येतो. तिथे उपाय पुन्हा ओलीचाच.

वास मालाचा नसून पिशवीचा असेल तर? नव्या छापील लॅमिनेटमध्ये कधी कधी शाईचा किंवा चिकटवायच्या रसायनाचा अंश राहतो. पिशवीचे तुकडे कापून काचेच्या बरणीत भरा, झाकण लावून दुपारभर उन्हात ठेवा आणि उघडताच हुंगा. उग्र वास आला तर तो गठ्ठा परत करा. अन्नाला हा वास चिकटला की जात नाही.

पिशवी घेताना पुरवठादाराकडे आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे केलेल्या चाचणीचा कागद मागा. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे आणि ही चाचणी तेच तपासते. तेलकट पदार्थ भरणाऱ्यांनी तर हा कागद पाहिल्याशिवाय माल उचलूच नये, कारण तेलात हे पदार्थ पाण्यापेक्षा जास्त सुटतात. वर्तमानपत्राच्या कागदात फराळ बांधणं २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांनी बंद केलंय. पुडीत बांधून मग पिशवीत घालणारे अजून दिसतात, त्यांना हे सांगा.

शेवटी एक सवय, जिने मला सगळ्यात जास्त वाचवलं. दर घाण्यातली दोन पाकिटं विकायची नाहीत. त्यांवर तारीख, वजन, सीलरचा काटा आणि पिशवीचा लॉट लिहून फळीवर ठेवायची, एक उजेडात, एक कपाटात. लेबलवर जेवढे दिवस लिहिले तेवढे झाले की पुन्हा वजन करायचं, उघडायचं, खाऊन बघायचं. ग्राहकाचा फोन येईपर्यंत उत्तर आपल्या फळीवर तयार असतं.